शब्दचर्चा : कर्क्युमिन म्हणजे हळदच का?

प्रश्न

आईने मधुमेहासाठी कर्क्युमिनच्या गोळ्या आणल्यात. डबीवर छापलंय, ‘नैसर्गिक प्रतिऑक्सिडीकारक. रोगप्रतिकारशक्ती वाढवते. मधुमेहावर गुणकारी.’ काळजीने विचारलं तर म्हणते, “अगं, हळदच तर आहे!” ‘प्रतिऑक्सिडीकारक’ला सोपा शब्द आहे का? आणि आईचं ‘हळदच’ कितपत बरोबर?

प्रतिसाद

शब्द चुकीचा नाही. शाळेतल्या ‘ऑक्सिडीकरणा’वरून घडवलाय. पण बोलताना सगळे ‘अँटिऑक्सिडंट’च म्हणतात, तोच वापरावा. कापलेलं सफरचंद काळं पडतं तो ऑक्सिडीकरणाचाच प्रकार, आणि त्याला आवर घालणारं ते अँटिऑक्सिडंट.

कर्क्युमिन म्हणजे हळदीचा पिवळा रंग. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, ते याच्यामुळे. हळदीपासून कुंकू करतात तेही याच गुणावर. नावातला ‘कर्क्युमा’ अरबी ‘कुर्कुम’वरून आला, त्याचा अर्थ केशर. आपल्या कुंकवामागच्या संस्कृत ‘कुंकुम’चाही मूळ अर्थ केशरच! मला हे फार आवडतं.

पण ‘हळदच’ मात्र नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. थायलंडमधल्या २०१२च्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४० जणांपैकी निम्म्यांना नऊ महिने रोज दीड ग्रॅम कर्क्युमिनचा अर्क दिला. त्यांच्यापैकी कुणालाच मधुमेह झाला नाही, बिनऔषधी गोळ्या घेणाऱ्यांत १६.४ टक्के जणांना झाला. निकाल आशादायक आहे, पण तेवढा दीड ग्रॅम हळदीतून मिळवायचा तर रोज ५० ग्रॅम हळद लागेल. पाव किलोचं पाकीट पाच दिवसांत संपेल. भाजीतली चिमूट आणि ही गोळी यांना एकच शब्द कसा लावायचा? शिवाय ते लोक उंबरठ्यावरचे होते, तुमच्या आईंना मधुमेह आहे.

प्रश्नकर्ती

आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवते’?

प्रतिसाद

इथे क्रियापदच खटकतं. कर्क्युमिनवर जास्त संशोधन झालंय ते दाह कमी करण्याच्या गुणावर. दाह म्हणजे नुसती जळजळ नव्हे, जखमेभोवती येते ती सूज, लाली, ऊब. तो प्रतिकारशक्तीच्याच कामाचा भाग. त्याला शमवणाऱ्या पदार्थाबद्दल सरसकट ‘वाढवते’ कसं म्हणायचं? मी ‘दाह शमवण्यास मदत होऊ शकते’ असं लिहीन.

डबीवर ‘पायपरीन’ आहे का बघा. तो मिऱ्यातला घटक. कर्क्युमिन पोटातून रक्तात फार कमी उतरतं, पायपरीनमुळे जास्त उतरतं. अशा तीव्र मात्रेच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर रक्तातली साखर जास्त उतरू शकते.

प्रश्नकर्ती

आहे, ‘काळी मिरी अर्क’ असं बारीक अक्षरांत. आईची मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू आहे. उद्याच डबी घेऊन डॉक्टरांकडे जातो आम्ही.