साल्हेर-कळसूबाईनंतर परदेशातील पहिला ट्रेक कोणता करावा?

प्रश्न (नाशिक): हरिहरच्या उभ्या पायऱ्या आणि साल्हेर आम्हा मित्रांच्या सरावाचे झाले आहेत. परदेशातील पहिल्या मोठ्या ट्रेकसाठी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: नेपाळमधील अन्नपूर्णा परिक्रमा करावी. मात्र थोरोंग ला ही खिंड ५,४१६ मीटरवर आहे आणि आपली कळसूबाई १,६४६ मीटरची, म्हणून दमसास कितीही चांगला असला तरी खिंडीआधीच्या मनांग गावात मुक्काम वाढवून शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्यावीच. डोके दुखू लागल्यास आणखी वर चढू नये.

दुसरे उत्तर: इतकी उंची नको असल्यास फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून जाणारी सुमारे १७० किलोमीटरची माँ ब्लां या आल्प्समधील पर्वताची प्रदक्षिणा उत्तम. मुक्कामाचे आरक्षण फार आधी करावे.

प्रश्नकर्ता: अन्नपूर्णाच ठरवतो. ऑक्टोबर योग्य ठरेल का?

उत्तर: होय, पावसाळा सरल्याने आकाश निवळलेले असते. खिंड मात्र सकाळीच ओलांडावी, कारण नंतर तिथे जोराचा वारा सुटतो.