अतिदक्षता विभागातील अनुभवावर जोडउत्पन्न कसे मिळवावे?

प्रश्न: रात्रपाळी_नाशिक

नमस्कार. मी जी.एन.एम. (परिचर्येची पदविका) झालेली परिचारिका असून नाशिकमधील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नऊ वर्षे काम करत आहे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील माझी नोंदणी चालू आहे. पगारात घरभाडे, मुलीचे शिक्षण आणि सासूबाईंची औषधे कशीबशी भागतात, म्हणून थोडे जोडउत्पन्न असावे असे वाटते. मात्र ते दुसऱ्या रुग्णालयात रात्रपाळ्या धरून नको, कारण सलग दोन ड्यूट्या करून आलेल्या एका सहकारी मैत्रिणीच्या हातून औषधाची मात्रा चुकता चुकता राहिलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

सोसायटीत "सिस्टर, तेवढे इंजेक्शन देऊन जा" म्हणणारे पुष्कळ आहेत. गेल्या वर्षी एका शेजाऱ्यांच्या आग्रहाला बळी पडून मी डॉक्टरांची चिठ्ठी न पाहता घरीच सलाईन लावले. अर्ध्या तासात त्यांना हुडहुडी भरली, सलाईन बंद करून त्यांना रिक्षाने रुग्णालयात न्यावे लागले. ते बरे झाले, परंतु चूक सर्वस्वी माझी होती आणि तेव्हापासून मी घरगुती कामासाठी सुई हातात घेतलेली नाही. सुई न टोचता, केवळ आपल्या ज्ञानाच्या बळावर सन्मानाने काही मिळवता येईल का?

उत्तर: निवृत्त_मेट्रन_पुणे

ताई, तुम्ही चूक लपवली नाहीत हे बरे केलेत. तुमच्या अनुभवाची सर्वाधिक गरज कोठे आहे, ते सांगते. रुग्ण अतिदक्षता विभागातून वॉर्डात आणि वॉर्डातून घरी जातो, तेव्हा डिस्चार्ज कार्डासोबत नाकातली अन्नाची नळी, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी आणि कधी कधी श्वासासाठी गळ्यात बसवलेली ट्रॅकिऑस्टॉमीची नळीही घरी जाते. वॉर्डातली सिस्टर जाता जाता दहा मिनिटांत सगळे समजावून सांगते, नातेवाईक मान डोलावतात आणि घरी पोहोचल्यावर त्यांना त्यातले काहीही आठवत नाही. यात दोष कोणाचाच नाही, त्या घडीला माणूस ऐकण्याच्या मनःस्थितीतच नसतो.

निवृत्तीनंतर मी नेमके हेच काम हाती घेतले. पहिल्याच घरी गेले, तेव्हा मुलगा वडिलांना आडवे ठेवून 50 मि.लि.च्या सिरिंजने पातळ पेज जोराने ढकलत होता आणि वडील खोकत होते. मी त्याला थांबवले आणि खोकला शमल्यावर उशाकडची बाजू 30 ते 45 अंश उचलायला लावली. नाकपुडीपाशी नळीवर पेनाने केलेली खूण जागेवर आहे ना, हे दर वेळी आधी पाहायचे. सिरिंजचा दट्ट्या काढून ती वर धरायची आणि पेज आपोआप उतरू द्यायची. शेवटी 30 मि.लि. पाण्याने नळी धुवायची आणि किमान अर्धा तास रुग्णाला आडवे करायचे नाही, एवढे त्याच्याकडून तीन वेळा करून घेतले. लघवीची पिशवी कूस बदलताना पलंगावर ठेवली जाते, ती नेहमी मूत्राशयाच्या खालीच हवी, हेही त्याला तेव्हाच कळले. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा तक्ता मी भिंतीवर मराठीत लिहून लावला, कारण ब्युरोमार्फत, म्हणजे घरी मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेमार्फत, येणाऱ्या मावशींना तो वाचता आला पाहिजे.

मी दीड तासाच्या भेटीचे 600 रुपये घेते आणि ते आधीच सांगते. डिस्चार्ज कार्ड समोर ठेवल्याशिवाय बोलत नाही, औषधाची मात्रा बदलत नाही, नळी निघाली तर स्वतः घालत नाही. त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते. आपले काम हात शिकवण्याचे आहे, उपचार ठरवण्याचे नाही, ही रेघ पहिल्या भेटीतच आखलीत तर पुढे अडचण येत नाही.

उत्तर: स्तनपान_समुपदेशक_वर्धा

अतिदक्षता विभागाबाहेरचा विषय आवडत असेल तर स्तनपान समुपदेशनाचाही विचार करावा. भारतीय स्तनपान प्रोत्साहन जाळ्याची, म्हणजे बी.पी.एन.आय.ची, स्थापना 1991 मध्ये आमच्या वर्ध्यातच झाली, त्यामुळे या कामाविषयी मला विशेष आपुलकी आहे. रीतसर प्रशिक्षण घेतल्याखेरीज मात्र यात उतरू नये. दुसरे असे की 1992 च्या कायद्यानुसार शिशुआहार आणि दुधाच्या बाटल्या यांच्या प्रचाराला बंदी आहे, तेव्हा अशा कंपनीकडून व्याख्यानाचे मानधन, भेटवस्तू किंवा कमिशन कदापि स्वीकारू नये.

उत्तर: शिकवणी_लातूर

मी आठवड्यातून तीन संध्याकाळी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची ऑनलाइन शिकवणी घेतो. एम्सच्या नॉरसेट या परिचर्या अधिकारी भरतीच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, त्यामुळे अंदाजाने उत्तरे देणारी मुले मागे पडतात. ग्रामीण भागातील मुलांना औषधांच्या गणिताची फार भीती वाटते. 1000 मि.लि. सलाईन 8 तासांत द्यायचे आहे आणि सेटमधून 20 थेंबांना 1 मि.लि. पडते, तर मिनिटाला किती थेंब, असे विचारले की वर्ग शांत होतो. 20,000 थेंब भागिले 480 मिनिटे, म्हणजे सुमारे 42, हे मराठीतून एकदा उलगडून दाखवले की पुढची गणिते ती स्वतः सोडवतात. नऊ वर्षे पंप आणि थेंब हाताळलेल्या सिस्टरने हा विषय शिकवला तर तो पुस्तकापेक्षा निश्चितच चांगला कळेल.

उत्तर: अधिपरिचारिका_विदर्भ

शासकीय सेवेतील भगिनींसाठी एवढेच लिहिते की महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यवसाय किंवा नोकरी करता येत नाही. खासगी रुग्णालयातील परिचारिकांनी आपले नेमणूकपत्र नीट वाचावे, कारण अनेक पत्रांत बाहेरच्या कामाला मनाई करणारे कलम असते. आपल्याच वॉर्डातून घरी जाणाऱ्या रुग्णाला खासगीत आपला फोन नंबर देणे मला अनुचित वाटते. तसेच शिकवणीसाठी रुग्णाचा एक्स-रे किंवा केसपेपर वापरू नये, नाव झाकलेले असले तरी नाही.

रात्रपाळी_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. आज नेमणूकपत्र काढून वाचले. त्यात व्यवस्थापनाच्या लेखी संमतीशिवाय बाहेरचे काम करू नये असे स्पष्ट लिहिले आहे. उद्या मेट्रन मॅडमना भेटून रुग्णांच्या घरच्यांना शुश्रूषा शिकवण्याच्या परवानगीसाठी अर्ज देणार आहे, आणि आमच्या रुग्णालयातील रुग्ण घेणार नाही हेही त्यात लिहिणार आहे. पुण्याच्या मॅडम, कूस बदलण्याच्या तक्त्यात वेळेसमोर कोणती कूस तेवढेच लिहिता, की त्वचेचा रंग आणि सूज यांच्या नोंदीसाठीही रकाना ठेवता?

निवृत्त_मेट्रन_पुणे

रकाना ठेवते, पण त्यात मावशींनी लिहायचे नसते, फक्त माकडहाड, टाचा आणि खुबे पाहून लाली दिसल्यास फुली मारायची असते. फुली दिसली की घरच्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे.