शब्दचर्चा : 'संवर्धित', 'संरक्षित' की 'टिकून राहिलेली'?

औंधहून : जीवाणूंच्या प्लाझ्मिडमधल्या (गुणसूत्राबाहेरच्या छोट्या गोल डीएनएमधल्या) 'कन्झर्व्ड', म्हणजे नातेवाईक क्रमांत कायम राहिलेल्या, आरएनए रचनेला मराठीत काय म्हणावं? एका टिपणात 'संवर्धित' वाचलं.

पाषाणहून : ते नकोच. सूक्ष्मजीवशास्त्रात संवर्धन म्हणजे जीवाणू वाढवणं, वाचणाऱ्याला फ्लास्कच दिसणार. 'संरक्षित'मधून विकराने कापण्यापासून वाचलेला तुकडा असा अर्थ निघतो. 'टिकून राहिलेली रचना' म्हणा. इथे आकार टिकतो, अक्षरं (ए, यू, जी, सी) बदलू शकतात. देठात, म्हणजे आरएनएचा धागा स्वतःवर दुमडून जोड्या जुळतात त्या भागात, एका प्लाझ्मिडात जी-सी जोडी असते, दुसऱ्यात त्याच जागी ए-यू. दोन्ही बाजू मिळून बदलल्या, जोडी शाबूत. हा 'सहबदल' हाच खरा पुरावा.

कोथरूडहून : आरएनएफोल्ड या प्रोग्रॅमने घडी दाखवली तर पुरेसं नाही?

पाषाणहून : नाही हो. त्याला कुठलाही क्रम द्या, ३७ अंशांवरची काही ना काही घडी तो काढतोच. आधी नातेवाईक क्रम गोळा करा, पण जुळ्यांना चाळणी लावून. पीयूसी घराण्यातल्या वाहकांचा (जनुकं वाहून नेणाऱ्या प्लाझ्मिडांचा) आरंभबिंदू, म्हणजे प्रत काढायला सुरुवात होते ती जागा, जवळपास एकच असतो. असे शंभर क्रम रचले तरी सहबदल शून्य, आणि माणूस उगाच खूश. दुसरी गोम : प्लाझ्मिड गोल, फाइल सरळ. सुरुवातीची पाचशेक अक्षरं शेवटाला जोडून घ्या, नाहीतर जोडावरचा देठ मधोमध तुटतो.

औंधहून : आणि आरएनए कुठल्या धाग्याचा, हे कसं ठरवायचं? कोल-ई-१ या प्लाझ्मिडमध्ये आरएनए-१ आणि आरएनए-२ एकमेकांचे पूरकच आहेत.

पाषाणहून : जी-यू जोड्या बघा. एका धाग्यावरची जी-यू उलट धाग्यावर सी-ए होते, ती जुळत नाही. अर्थात, कोल-ई-१ मध्ये दोन्ही धागे खरंच कामाचे. सुमारे १०८ अक्षरांचा आरएनए-१ तीन फासांनी (देठांच्या टोकांच्या वळशांनी) आरएनए-२ ला गाठतो, प्रायमर (प्रत काढायला लागणारा सुरुवातीचा तुकडा) तयार होऊ देत नाही, म्हणून प्रतिसंख्या, म्हणजे पेशीतल्या प्लाझ्मिडच्या प्रती, आटोक्यात राहते. पीबीआर३२२ या प्लाझ्मिडच्या १५-२० प्रती. पीयूसीत आरएनए-१ ला मदत करणाऱ्या रॉप प्रथिनाचं जनुक नाही, शिवाय आरएनए-२ मध्ये एक अक्षर बदललेलं. प्रती ५००-७०० वर जातात. ३० अंशांवर वाढवलंत तर त्या एका अक्षराचा परिणाम दबतो. मिनीप्रेपमध्ये (थोड्या जीवाणूंतून प्लाझ्मिड वेगळं काढताना) डीएनए कमी आला, तर किटला बोल लावण्याआधी इन्क्युबेटरचं तापमान बघा.

कोथरूडहून : 'स्टेम-लूप'ला मग 'देठ-फास'च ना?

पाषाणहून : हो. 'हेअरपिन'ही चालतं, सगळे तेच बोलतात.