टचची शेगडी आईला जमत नाहीये, पर्याय सुचवा (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला, रामबागेत राहतो. आई ७८ वर्षांची. काचबिंदूमुळे नजर अधू झालीये, पण सकाळचा चहा तिला स्वतःच करायचा असतो आणि तो तिचा हक्क मला काढून घ्यायचा नाही.

गेल्या महिन्यात टचवाली इंडक्शन शेगडी आणली. पुसायला सोपी, फटींत तेलकट मळ साचत नाही, हे खरं. पण सपाट काचेवर बोटाला काही लागतच नाही! मिक्सरचं बटण ती न बघता फिरवते. इथे चाचपायला गेली की भलतंच सुरू होतं. शिवाय ही काच दाब ओळखत नाही, बोटामुळे विद्युतभारात होणारा बारीकसा बदल ओळखते. आईची बोटं कोरडी, घट्टे पडलेली. तीन-तीनदा टेकवावी लागतात. परवा दूध उतू जाऊन ओघळ पॅनलवर आला आणि शेगडी बंदच होईना. शेवटी भिंतीवरचं बटण बंद केलं. आई दिवसभर गप्प होती.

टचवर माझा राग नाही. फोनवर दोन बोटांनी अक्षरं मोठी करून ती अभंग वाचते. फोनमध्ये टॉकबॅक आहे, बोटाखाली स्क्रीनवर काय आहे ते बोलून सांगतं. आमच्या शेगडीत तसं काही नाही.

फिरवायच्या किंवा दाबायच्या बटणांची इंडक्शन कोणी वापरतंय का? इंदूरात कुठे मिळेल? की याच काचेवर चालू-बंदच्या खुणेशेजारी उठावाचे ठिपके चिकटवून भागेल? कोणी करून पाहिलं असेल तर नक्की सांगा.