मदत हवी आहे: जुनी विंचेस्टर 94 रायफल, चौथी गोळी वर का जाते?

नमस्कार मंडळी,

मी पेन्सिल्व्हेनियात राहते, वय 51. शिकार करत नाही, करायचीही नाही. कागदावर नेम धरायचाय, आणि तोही एका ठरावीक रायफलीने. तिथेच अडलेय.

शेजारचे आजोबा दर वर्षी थँक्सगिव्हिंग झालं की ही विंचेस्टर घेऊन हरणांच्या मागावर जायचे. ते गेले, आणि गेल्या वर्षी आजींनी ती मला दिली. दुकानात जाऊन रीतसर कागदपत्रं केली. "भिंतीवर टांगू नकोस, वापर," एवढंच त्या म्हणाल्या. .30-30 मापाच्या काडतुसाची, 20 इंची नळी, नंबरवरून 1955 च्या आसपासची. जॉन ब्राउनिंगने घडवलेली, 1894 पासूनची तीच लिव्हरवाली. दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड गाल टेकतो तिथे काळपट, गुळगुळीत झालंय. आजोबा चालताना ती एका हातात मधोमध धरायचे, तेवढ्या भागाचा निळा रंग पार उडून खालचं पोलाद चमकतं. हे सगळं मला जसंच्या तसं ठेवायचंय. दुर्बीण बसवायची नाही.

माझा अनुभव म्हणाल तर साताऱ्याला कॉलेजात असताना एनसीसीत .22 ने 25 यार्डांवरून, पालथं पडून पाच गोळ्यांचं ग्रुपिंग, म्हणजे पाचही जवळजवळ बसवायच्या. मग तीस वर्षं काही नाही. 2024 मध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, ते इथल्या अपरात्री जागून पाहिलं आणि हात पुन्हा शिवशिवायला लागले.

आता अडचण. 170 ग्रेन वजनाच्या गोळीची काडतुसं वापरते. बाकावर बसून, नळीचा पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर टेकवून 100 यार्डांवर मारते. पहिल्या तीन गोळ्या तीन इंचांत बसतात. चौथी आणि पाचवी चार-पाच इंच वर, जवळजवळ एका उभ्या रेषेत. दर वेळी हेच, त्यामुळे चूक नुसती माझ्या हाताची वाटत नाही. शिवाय 50 यार्डांवर अख्खा ग्रुपच तीन इंच वर बसतो, आणि मागच्या साइटची (नेम धरायच्या खाचेची) उंची ठरवणारी पायरी आधीच सगळ्यात खाली आहे.

चाळिशीमुळे मागची साइट धूसर दिसते, माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या पुढच्या साइटवर, नजर ठरवली की टार्गेट पुसट होतं. त्यावर काही उपाय आहे का? कारागिराकडे न्यायच्या आधी तुमचं मत हवंय.

प्रतिसाद 1

ताई, नळी पिशवीवर टेकवू नका, यातच तुमचा अर्धा त्रास आहे. कठीण टेकूवर नळी उसळते आणि गोळी वर जाते. पुढच्या लाकडाखाली स्वतःचा तळहात ठेवा, हात पिशवीवर ठेवा.

चौथ्या गोळीचं कारण बहुधा उष्णता. या रायफलीत नळी आणि खालचं काडतुसांचं नळकांडं दोन पट्ट्यांनी एकत्र आवळलेलं असतं. नळी तापून लांबते, नळकांडं तितकं तापत नाही, मग ओढाताण होते. त्यात नळकांडं भरलेलं असेल तर प्रत्येक गोळीनंतर त्याचं वजनही बदलतं. एकेकच काडतूस घाला, दोन गोळ्यांमध्ये तीन-चार मिनिटं जाऊ द्या, लिव्हर उघडी ठेवा. पट्ट्यांचे स्क्रू फार करकचून आवळलेत का तेही पाहा.

आणि एक, या नळकांड्यात कडक टोकदार गोळ्यांची काडतुसं कधीही भरू नका. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसला की पेटणाऱ्या बुडाच्या टोपीवर, टेकतं. चपट्या तोंडाच्याच घ्या.

प्रतिसाद 2

टेकू बदलल्यावरही ग्रुप वर राहिला तर माशी उंच बसवायची. गोळी वर जाते म्हणजे माशी ठेंगणी आहे. हिशेब त्रैराशिकाचा: गोळी जितकी वर, त्याला दोन साइटींमधल्या अंतराने गुणा आणि टार्गेटच्या अंतराने भागा. 3 इंच वर, साइटींमध्ये 16 इंच, 50 यार्ड म्हणजे 1800 इंच. उत्तर येतं 0.027 इंच. एवढी उंच माशी आणा, जुनी जपून ठेवा.

डोळ्यांसाठी मागे बारीक छिद्राची पीप साइट लावा. छिद्रातून पाहिलं की डोळा आपोआप मध्य शोधतो, मग फक्त माशी आणि टार्गेट सांभाळायचं. तुमची 1955 ची असेल तर डाव्या बाजूला कारखान्यातच पाडलेली दोन भोकं असण्याची दाट शक्यता आहे. नवीन भोक पाडायला लागणार नाही.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी जाऊन आले. तळहातावर टेकवून, एकेक काडतूस घालून, मध्ये घड्याळ लावून थांबले. पाचही गोळ्या 100 यार्डांवर चार इंचांत! कागद नेऊन आजींना दाखवला, त्यांनी तो फ्रिजवर चिकटवलाय.

50 यार्डांवर अजून दीड इंच वर आहे, म्हणजे हिशेबाने माशी 0.013 इंच उंच हवी. डावी बाजू पुसून पाहिली, जुन्या तेलाखाली ती भोकं बुजवणारे दोन बारीक स्क्रू खरंच आहेत. पण ते जाम बसलेत, साध्या स्क्रूड्रायव्हरने खाच झिजायला लागली म्हणून थांबले. ओरखडा न पाडता ते कसे सोडवायचे?