मदत हवी आहे: आज्यांनी चालवलेला 'मैत्रीचा बाक' आपल्याकडे कसा सुरू करायचा?

नमस्कार मंडळी, आमच्या नाशिकच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या काही काकू-आज्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलंय, चांगलं खूळ, आणि धावपळीला पुढे केलंय मला. झिम्बाब्वेत हरारेच्या म्बारे भागात डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ साली १४ आज्यांना घेऊन फ्रेंडशिप बेंच सुरू केला, दवाखान्यात जागा नव्हती म्हणून बाक बाहेर टाकले, येईल त्याचं आज्या नीट ऐकून घेतात आणि मग त्याचा एकेक प्रॉब्लेम त्याच्याकडूनच सोडवून घेतात. २०१६ मध्ये त्याची ट्रायलही छापून आली, लोकांचं डिप्रेशन खरंच कमी झालं होतं.

आता आमच्याकडे बाक आहे, बाग आहे, वेळ तर भरपूर. पण उपदेश न करता ऐकणं आमच्या काकूंना झेपेल का हीच खरी धास्ती, म्हणून ट्रेनिंगशिवाय सुरू करायचं नाही असं ठणकावून सांगितलंय. गोव्यात संगाथ संस्थेने डॉक्टर नसलेल्यांना समुपदेशन शिकवलंय हे माहितीये, पण मराठीत असं ट्रेनिंग कोण देतं, कोणी केलंय का? आणि समोरचा जिवाचं बरंवाईट करायचं बोलला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून देण्यापलीकडे नेमकं काय करायचं, घरी कळवायचं की नाही? महापालिकेच्या बागेत बसायला परवानगी लागते का तेही सांगा. शिवाय पुरुष मंडळी काकूंशी बोलतील का हो, की आजोबांचा वेगळा बाक लागेल?