मदत हवी आहे: डिझाइन महोत्सवात कारागिराचं नाव कुठे आणि कसं द्यावं?

नमस्कार मंडळी. आमच्या शहरात दरवर्षी स्थानिक डिझाइनचा महोत्सव भरतो. यंदा परिसरातल्या हस्तकलांच्या दालनाची जबाबदारी माझ्याकडे आहे.

गेल्या वर्षीची एक गोष्ट मनातून जात नाही. बांबूची एक टोपली ठेवली होती. तळ चौकोनी, आणि वर चढता चढता विण अशी वळत गेलेली की काठ अगदी गोल. लोक तासन्‌तास फोटो काढत होते. पण खालच्या पट्टीवर फक्त डिझायनरचं नाव! विणणारे काका तिथेच कोपऱ्यात उभे होते, त्यांना कुणी काही विचारलंच नाही. मला फार वाईट वाटलं.

पट्टीवर दोन्ही नावं बरोबरीने यायला हवीत, असं माझं ठाम मत आहे. पण एखादी वस्तू चार-पाच हातांतून गेलेली असेल तर काय करावं? आणि कारागिरांना प्रात्यक्षिकासाठी बोलावलं तर दिवसाचं मानधन द्यायलाच हवं ना? त्यांची रोजची मजुरी बुडते.

दुसरा प्रश्न जागेचा. मिलानमध्ये १९६१ पासून फर्निचरचं मोठं प्रदर्शन भरतं, पण त्याच आठवड्यात शहरभर, गोदामांत आणि अंगणांतही मांडणी असते. लंडनचा २००३ साली सुरू झालेला महोत्सवही असाच शहरभर पसरतो. आम्हीही लोकांना थेट कार्यशाळांत न्यावं का? गर्दीने काम अडेल, ही धास्ती आहे.

कुणी असं आयोजन केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. पट्टीचा नमुना मिळाला तर फारच उत्तम.